पाठमोरी

जुन्याचा दुसरा व्हॉल्व्ह ऐन वरातीत अडकला,
अक्कलकोट रोडला, नवरदेव घोड्यावर,
आणि मी अर्धा सूर पोटात घेऊन तसाच चालत राहिलो.
कुणाला कळलं नाही. युफोनियमचं असंच असतं,
वाजतं तेव्हा कुणी बघत नाही,
थांबलं की वाटतं काहीतरी कमी पडलंय,
मीठ असेल.

म्हणून आज गड्डमच्या दुकानात.
सतरंजीवर तिन्ही आडवी पडलीत, आजारी पाहुण्यांसारखी.
"बघा निवांत," म्हणतो, आणि चहा सांगतो.
मी गाणं वाजवून दाखवत नाही. ते पोरं करतात.
एकच खालचा सूर धरतो, दम संपेस्तोवर,
आणि ऐकतो, तो मरतो कसा.

पहिलं मेरठचं. पितळ जाड, सांधे ओबडधोबड,
वरचा एक सूर बसका, ओठानं उचलावा लागतो.
दुसरं चिनी, चांदीचा मुलामा, चार व्हॉल्व्ह,
बोट ठेवलं की लोण्यात सुरी.
शहाण्या जावयासारखं, विचाराल तेवढंच बोलतं.
तिसरं बंद पडलेल्या गिरणीच्या बँडमधलं,
अंगभर पोचे, नाव होतं तिथं खरवडलेलं.
ते फुंकलं
आणि गड्डमच्या पोरानं मोबाइलमधून मान वर केली.

मन दुसऱ्यावर. खरं सांगतो.
एकसष्टाव्या वर्षी माणसाला लोणीच हवं असतं.

पण फुंकणाऱ्याला स्वतःचा आवाज
हाडातून ऐकू येतो, रस्त्यावरून नाही.
म्हणून गौरव्वाला आणलंय.
बत्तीस वर्षं टॉवेलच्या मागावर होती.
खटाखटीनं तिचे वरचे सगळे सूर नेले,
चिमण्या, कुकरची शिट्टी, फोनवरची लेक.
खालचे तेवढे ठेवले.
गड्ड्याच्या जत्रेतला ढोल,
मालट्रक, आणि मी.

पलीकडे पानपट्टीच्या पायरीवर उभी, पाठमोरी,
चपला काढून. पायांनी ऐकते, असं मी म्हणतो.
ती म्हणते, फरशी गार लागते म्हणून.
ठरलं होतं, पोचलं तर हात वर.

पहिलं. हात वर.
दुसरं. मधून एक रिक्षा गेली. हात नाही.
पुन्हा फुंकलं, गाल फुगवून,
जे मी पोरांना कधी करू देत नाही.
हात नाही. पदर सारखा केला, एवढंच.
तिसरं. हात वर, आणि तसाच राहिला,
सूर संपून गेल्यावरसुद्धा.

तिसऱ्याची स्लाइड ओढून बघितली, व्हॉल्व्ह न दाबता.
टप्प व्हायला हवं. झालं फुस्स.
एका ओळीला दोन दम लागणार,
मे महिना, तापलेलं डांबर, चार चार तास.
माझ्याकडे दम मोजून आहेत.
"पिस्टन नीट करून देतो की, दिवाळीनंतर," गड्डम म्हणाला.
गड्डमची दिवाळी कुठल्या साली येते
ते आम्हा दोघांनाही ठाऊक.

हात पुसायच्या फडक्यानं त्याचे पोचे पुसले,
उगाच. पोचे पुसून जात नाहीत.

मेरठचं घेतलं.
तो बसका सूर ओठ उचलेल,
चाळीस वर्षं ओठच तर उचलतोय,
सूरही, आणि पोरांच्या चुकाही.
माझा जुना माउथपीस त्यात सैल बसत होता.
गौरव्वानं कनवटीच्या पिशवीतून सूत काढलं,
चार वेढे दिले, आणि मागावर तुटलेलं टोक बांधतात
तशी न दिसणारी गाठ मारली.
बसला.

चौकात तिनं विचारलं, "केवढ्याला?"
मी मुद्दाम बारीक, चिमणीच्या आवाजात आकडा सांगितला.
विसरलो होतो,
त्या खटाखटीत बायका
एकमेकींचे ओठ वाचून बोलायच्या.

"आठशे अजून कमी केले असते त्यानं," ती म्हणाली,
आणि बॅगेचा दुसरा बंद धरला.