कूलरचा पत्रा

जुन्या कूलरचा पत्रा ठोकून
सुग्रीवनं परभणीच्या गच्चीवर
दोन उंच वाफे केले.
एकाला काळा रंग, एकाला चुना.

पौषात काळा जिंकला.
मेथी चौथ्या दिवशी वर,
पांढऱ्यातली अजून झोपलेली.
"बघ," म्हणाला. आठवडाभर बघच म्हणत होता.

वैशाखात काळ्या कडेला हात टेकला माझा,
तो रांजणात बुडवावा लागला.
वांग्याची मुळं मातीतच शिजलेली.
पांढऱ्यात दोडका मात्र चढत होता
संध्याकाळची पिवळी फुलं घेऊन.

सुग्रीव काही बोलला नाही.
उन्हं कलल्यावर
चुन्यात डिंक कालवून
काळ्यावर कुंचला ओढत बसला.
एक बाजू तेवढी सोडली.
"मेथीला," म्हणाला,
माझ्याकडे न बघता.