होडीचे चाळीस

दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर, दुधाच्या खाड्यांशेजारी,
मंदाकिनीनं हिशेब मांडला:
नाशिकरोड ते सीबीएस, वीस.
सीबीएस ते गिरणारे, बायकांना अर्धं तिकीट, पंधरा.
पुढे धरणापर्यंत शेअर रिक्षा, वीस,
तेही ड्रायव्हरशेजारी अर्धं अंग बाहेर ठेवून बसलो तर.
मग सगळं दुप्पट, कारण परत यायचं आहे.
"यायचं आहे ना?" तिनं विचारलं.
मी चहा गाळत होते.

चहा दहा. द्राक्षांचे सुटे मणी, अर्धा किलो, दहा.
भाकरी घरची.
होडीचे चाळीस, जाऊन-येऊन.
माणशी एकशे सत्तर.

तिची सून मोबाईलवर अंदमान दाखवते,
चार दिवस, तीन रात्री, नाश्ता धरून.
आमचं बेट मोबाईलवर नाही.
गिरणाऱ्याच्या बाजारात त्याला बेटही म्हणत नाहीत,
टेपाड म्हणतात.

अठ्ठावीस वर्षं प्रेसमध्ये समोरासमोर बसून
आम्ही नोटा तपासल्या.
किती गेल्या या बोटांखालून,
एकीलाही आपली म्हणता आलं नाही.
सुटताना झडती, डब्यातल्या कालवणाचीसुद्धा.
अजून हातात नोट आली
की आधी ती उजेडात धरतो,
आणि भाजीवाला म्हणतो, ताई, खोटी नाही हो.

होडीवाल्याला फोन लावला. जगन बेंडकोळी.
"मावशी, कशाला पैसे घालवता?
वैशाखात या. पाणी उतरतं,
पायी जाल. चप्पल भिजायची नाही."
मंदाकिनीनं तिथल्या तिथे चाळीसवर काट मारली.
एकशे तीस.
इतकी खूश, जणू कुणी पगारवाढ दिली.

रात्री मला झोप लागेना.
पायी गेलं तर ते बेट कसलं?
सकाळी तिला म्हटलं,
ते चाळीस होडीचे नाहीत गं,
चारी बाजूंनी पाणी असण्याचे आहेत.
ती म्हणाली, माती तीच, बाभूळ तीच,
तुला बेट बघायचंय की पाणी?
दोन दिवस आम्ही बोललो नाही.
तिसऱ्या दिवशी ती दारात,
हातात दिनदर्शिका,
काट मारलेल्या चाळीसखाली ठिपके काढलेले,
शाळेत काट चुकून मारली की काढतात तसे.

माघातल्या मंगळवारी गेलो.
बसमध्ये बागांवर छाटणीला निघालेल्या बायका,
त्यांनी विचारलं, कुणाच्या बागेत?
आम्ही म्हटलं, बेटावर. त्या हसल्या,
आणि सरकून जागा दिली.

होडी म्हणजे पत्र्याचा तराफा, खाली चार ट्यूबा.
जगन वल्हं मारता मारता म्हणाला,
"आमचं खळं होतं वर. आजा सांगायचा.
तेव्हा बैल जायचे. होडी कुणाला ठाऊक?"
मग बराच वेळ फक्त वल्ह्याचा आवाज.

टेपाडाच्या अंगावर
उतरत्या पाण्यानं ओढलेल्या रेघा,
एकाखाली एक, फिकट होत गेलेल्या.
मंदाकिनीनं एक डोळा मिटला,
मान तिरकी केली, ती जुनी, टेबलावरची,
आणि म्हणाली,
"जलचिन्ह बरोबर आहे. पास."

वर काही नव्हतं.
एक बाभूळ, शेळीच्या वाळक्या लेंड्या,
टिटवी, जिला आम्ही अजिबात नको होतो.
भाकरी खाल्ली. मणी खाल्ले, आंबट निघाले.
मंदाकिनी अर्धा तास झोपली, तोंड उघडं टाकून.
मी चारी बाजूंना पाणी आहे की नाही
ते फिरून पाहिलं. होतं.

परतल्यावर शंभराची नोट दिली.
जगननं ती सूर्यासमोर धरली,
आम्ही दोघी गप्प उभ्या, निकाल लागेपर्यंत.
"वीस सुटे नाहीत, मावशी. पुढच्या वेळी?"

गिरणाऱ्याच्या थांब्यावर,
शेवटच्या एसटीची वाट बघत,
मंदाकिनीनं पिशवीतून पेन्सिल काढली,
आणि एकशे सत्तरच्या खाली लिहिलं:
बेटाकडून येणे, वीस.