सुट्टे पैसे ठेवा

मला विचारता, या टेकडीवर काय काय करायचं?
माझ्याकडे नकाशा नाही. तिकिटांची गुंडाळी आहे
आणि दर माणसामागे कण्हणारं एक लोखंडी फिरतं दार.
एकतीस वर्षं इथे बसलोय, वालपाराइसोच्या बंदराकडे पाठ करून,
एक डबा वर धाडत, दुसरा खाली घेत.

पहिलं काम : सुट्टे पैसे ठेवा.
मोठी नोट काढलीत तर मागची रांग
माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करते, तुमच्या नाही.

डब्यात खिडकीशी उभे राहा, दाराला टेकू नका.
मध्यावर दुसरा डबा शेजारून उतरतो,
त्यातल्या लोकांना हात करा.
इथलं कुणी करत नाही, सगळे रोजचेच.
आत कुत्रा असला तर तो मात्र बघतो.

वर रंगीत घरांचे फोटो काढाल. काढा.
पण एकदा पत्र्याशी नाक नेऊन बघा :
निळ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली तांबडा,
जहाजं रंगवून उरलेले डबे, ज्याच्या हाती जे लागलं ते.
माझ्या बापानं तरी एकही रंग
आवडला म्हणून निवडला नव्हता.

मंगळवारी सेनोबियो येतो, धार लावणारा.
त्याची शिट्टी ऐकलीत की थांबा, सुरी नसली तरी.
तो नखकात्रीलाही नाही म्हणत नाही.

सप्टेंबरात आलात तर मान वर ठेवा, पतंग असतात.
खालीही ठेवा. कुत्र्यांचं काय सांगावं.

आणि जिना.
जिन्याचं मी कुणाला सांगत नसे,
कारण मलाच ठाऊक नव्हता. घर माझं वरच,
पण मी फुकटात डब्यातून जाणारा;
जिना खिडकीतून दिसायचा,
सासऱ्याच्या टकलासारखा, रोज, न बघता.

मग दोर झिजला. पालिकेनं कुलूप घातलं,
म्हणाले दोन महिने. लागली तीन वर्षं.

एकशे बासष्ट पायऱ्या. मी मोठ्यानं मोजायचो,
दम लागलाय हे कळू नये म्हणून.
पुढे एर्मेलिंदा, मासळीच्या दोन बादल्या घेऊन.
वीस वर्षं मला तिचं एवढंच माहीत :
उजवा हात, नखात खवले, पैसे नेमके.
चौऱ्याण्णवाव्या पायरीवर ती बसायची.
मीही बसू लागलो, दोन पायऱ्या सोडून.

दुसऱ्या हिवाळ्यात तिनं एक बादली माझ्याकडे दिली.
दुसरी कधीच दिली नाही.

एके दिवशी बघतो तर ती पायरी हिरवीगार,
होडीचा रंग, अजून ओला.
म्हणाली, ‘आता मोजू नकोस बाबा, कान किटले.’

डबा पुन्हा सुरू झाला त्या दिवशी बँड होता, महापौर होता.
एर्मेलिंदा आली. पैसे ठेवले, नेमके.
मी काहीतरी बोलणार होतो.
मागे रांग होती.

गेल्या जूनपासून दिसली नाही.
मुलगी इकिकेला घेऊन गेली म्हणतात,
तिथे म्हणे टेकडी नाही, नुसती वाळू.

तेव्हा उतरताना डब्यातून उतरू नका.
हिरवा आता पोपडे धरून निघालाय,
पण कळेल, बाकीच्या पायऱ्यांना कुणी रंग दिलेला नाही.
बसा. करायचं काही नाही.
खालून माझ्या दाराचं कण्हणं ऐकू येतं तिथे,
प्रत्येक माणसाचं, वेगळं वेगळं.
मला वाटायचं ते फक्त मीच ऐकतो.

एवढंच? म्हणता.
नाही, टोपी. चारनंतर वारा सुटतो
आणि गेलेली टोपी आजवर कुणाला सापडलेली नाही.