दोष सांगून दिलेली गाडी

मेंढ्यांच्या जुन्या तळाच्या वरच्या अंगाला
ती ओहोळात नाक खुपसून उभी होती.
एकोणीसशे त्रेपन्नची पॉवर वॅगन.
सीटमध्ये उंदरांनी पिढ्या काढलेल्या,
रेडिएटरच्या जाळीतून सेजचं झुडूप वर आलेलं,
आणि दारावर गंजाखाली दीड अक्षर,
कुण्या बुडालेल्या खाणीचं नाव असावं.

जमीनमालक म्हणाला, ओढून ने, माझं ओझं कमी.
मी त्याला दोन कोकरं दिली.
फुकट आलेलं फुकटच जातं, असं बाप म्हणायचा.
तो बास्क डोंगरातून एका पेटीनिशी आला
आणि या नेवाडात बारा वर्षं
मुख्यतः कुत्र्याशी बोलला.

पाच हिवाळे.
इंजिन जाम. हेड उतरवून पिस्टनवर डिझेल ओतलं,
आणि रोज रात्री जेवण झालं की
लाकडाचा ठोकळा ठेवून एक टोला. एकच.
मिरेन आतून विचारायची, हललं का?
नाही.
फेब्रुवारीत एका रात्री तिनं विचारलंच नाही
आणि नेमकं तेव्हा ते केसभर सरकलं.
मी हातोडी धरून तसाच उभा,
आजारी माणसानं कूस बदलावी
आणि आपण श्वास धरावा, तसा.

एल्कोच्या ड्वेननं ब्रेकचे सिलिंडर दिले,
पैसे नकोत म्हणाला, मेंढीचं चीज घेऊन गेला,
पुढच्या आठवड्यात न मागता कार्बुरेटर घेऊन आला.

उजव्या दाराची काच बसवताना
नऊ-सोळांशाचा पाना हातून निसटला.
खण् करून दाराच्या पोटात गेला.
तारेनं, चुंबकानं, मिरेनच्या बारीक हातानं शोधला.
शेवटी पत्रा पुन्हा उघडायचा कंटाळा केला.

मग अकरा वर्षं.
अल्कलीच्या पांढऱ्या मैदानावर ताशी चाळीस मैल.
त्यापुढं ती जायची नाही, मी म्हणायचोही नाही.
सांता रोसाच्या चढणीला खालच्या गिअरात
इतकी सावकाश, की पायी निघालेला माणूस
वर पोचून आमच्यासाठी कॉफी ओतून ठेवी.
बर्फातून शेरीफची गाडी विंचनं ओढून काढली.
पुढच्या वर्षी त्याच वळणावर, तोच शेरीफ.
हीटर नव्हताच. मिरेन मांडीवर
भाजलेले बटाटे फडक्यात बांधून बसायची,
पोचलो की तेच मीठ लावून खायचो.
आणि प्रत्येक खड्ड्याला दारातून
खण्,
कुणी तिसरं सोबत असल्यासारखं.

मग गुडघा. डावा.
डॉक्टर म्हणाले, क्लच सोडा.
'किंवा' असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

लोरीन आली, घोड्यांना नाल ठोकणारी,
पंचविशीची, मनगटं माझ्या दुप्पट.
तिच्याकडं आपोआप गिअर बदलणारी सुबारू होती
आणि वर ज्युनिपरचं दोन हिवाळ्यांचं सरपण.
सौदा अंगणातच ठरला.

मी सगळे दोष सांगितले.
दुसरा गिअर टाकण्याआधी मनात एक मोजायचं.
टाकी पाव दाखवते तेव्हा रिकामी असते.
मागचा डावा स्प्रिंगपाटा ट्रॅक्टरचा आहे.
थंडीत चोक पूर्ण ओढायचा,
शिव्या द्यायच्या नाहीत, हट्टाला पेटते.
ती नालांच्या वहीत लिहून घेत होती,
घोड्याच्या खुरांची मापं लिहावीत तसं.
मग तिनं उजवं दार लावून पाहिलं.
खण्.
हे काय?
मिरेननं माझ्याकडं बघितलं.
मी म्हटलं, तो तिचाच आवाज आहे.
जुन्या गाड्यांना असतो.

पोस्टाच्या पेट्यांपाशी खड्डा आहे.
गाडी तिथं पोचेस्तोवर आम्ही दोघं
कुंपणाशी उभे राहिलो, ऊन असूनही.

सुबारूला हीटर आहे, चांगला आहे.
मिरेन तरी बटाटे घेऊन बसते.
खड्डा आला की
आम्ही बोलता बोलता थांबतो,
थोडं थांबून पुन्हा बोलू लागतो.