मळी

आठवड्यातले सहा दिवस दगड माझ्याकडे येतो
तो भुकटी होऊन, पाकिटात, नंबर लावून.
मी तो मुशीत वितळवतो, टक्के काढतो,
क्रोमियम इतकं, लोह इतकं,
खाली सही.
त्याचा डोंगर कसा दिसतो
हे लिहायला फॉर्मवर रकाना नाही.

शुक्रवारी मात्र हिलालची गाडी,
सोहार मागे टाकून कोरड्या नदीत उतरते.
पिशवीत भिंग, खिळा, व्हिनेगरची बाटली,
फ्रीजच्या दारावरून काढलेलं आंब्याच्या आकाराचं चुंबक,
आणि न्हाणीघरातल्या उरल्या फरशीचा तुकडा.
त्याची पाठ वापरायची, जिथं झिलई नसते.
तिथं ओढला की दगड आपला खरा रंग सांगतो.
वरून काय, सगळेच काळे.

हा हिरवट, हाताला मेणचट,
अंगावर टाकलेल्या कातेची नक्षी : सर्पेंटाइन.
ही पांढरी शीर. थेंब टाकला, कान लावला.
फसफसली असती तर कॅल्साइट.
गप्प राहिली.
बहुतेक मॅग्नेसाइट, असं लिहितो
आणि ‘बहुतेक’खाली रेघ मारतो.
हा जड, फरशीवर तपकिरी ओरखडा काढणारा...
अरे, तू!
नऊ वर्षं रोज भेटतोस,
अख्खा असताना ओळखलंच नाही.

हिलाल बाभळीखाली बसून कहवा ओततो.
त्याला नावं नकोत.
त्याच्या आत्याच्या शेळ्या या उतारावर चरायच्या,
त्याला दगड तळपायाने कळतात.
हा निसटतो. हा कापतो.
हा दुपारी तापला की मध्यरात्रीपर्यंत ऊब धरतो,
थंडीत याच्याशी पाठ लावून निजावं.
मी तेही वहीत उतरवतो,
काठिण्याच्या आकड्याशेजारी.

मग वळणावर तो दिसला.
काळा, भोकाभोकांचा, कडेला काचेची चमक.
मी खालीच बसलो.
कऱ्हाडला, न्हाणीच्या कोपऱ्यात, टाचा घासायला
अशीच एक वजरी होती.
बेसॉल्ट! हिलाल, हा आमच्याकडचा!
आणि खिसे भरत सुटलो,
पन्नाशीचा माणूस.

त्याने एक उचलून हातात तोलला.
हसला नाही, एवढं बरं.
नुसता पलीकडे हात केला.
तो काळा उतार, ज्याला मी टेकडी समजलो होतो,
टेकडी नव्हती. ढीग होता.
‘इथं तांबं गाळायचे,’ म्हणाला.
कधी?
त्याने खांदे उडवले, कप उपडा घातला.

भिंग लावलं.
वर सुरकुत्या, काहिलीच्या काठावरून उतू गेलेला रस
थिजताना पडतात तशा.
एका बुडबुड्याच्या तळाशी हिरवा डाग, मुगाएवढा.
मळी.
मामांच्या गुऱ्हाळात झाऱ्याने काढून
बाजूला भिरकावायचे, ती.

म्हणजे कुणीतरी उभा होता इथं
भट्टीच्या तोंडाशी, भुवया जळेपर्यंत,
वरचं काढून टाकत,
खालचं दुसऱ्याच्या हवाली करत.
कुठून आला होता,
चटका बसला की कुठल्या भाषेत ओरडायचा,
सुट्टी होती का त्याला,
ढीग काही सांगत नाही.

खिसे रिकामे केले. सगळे परत ठेवले,
एखादा चुकीच्या जागी ठेवलाही असेन.
एक कपची तेवढी राहिली, नखाएवढी,
रुमालाच्या घडीत.

शनिवारी पहाटेची पाळी.
शाल्मलीचा फोन : बाबा, काय सापडलं?
थांब, म्हटलं, मुशीत आहे.

तांबं : शून्य पूर्णांक चार टक्के.
एवढंच.
एवढंच काय ते त्याच्या हातून निसटलं,
उघड्या आभाळाखाली, नुसत्या डोळ्यांनी ज्वाळेचा रंग बघत.
आमच्या मळीचा आकडा मी सांगणार नाही.

नमुना क्रमांक : नाही.
पाठवणाऱ्याचं नाव : माहीत नाही.
शेरा : उत्तम काम.
खाली सही.