वेर्णे, दुसरी पाळी

पॉलिसल्फोनचे दाणे रात्रभर ढवळले
तेव्हा कुठे हा मध झाला.
फ्लोरियान म्हणतो, चाखू नकोस म्हणजे मिळवलं.

पात्याखालून तो कापडावर पसरतो
दोन केसांच्या जाडीचा,
आरपार दिसणारा.
दोन श्वास हवेत,
मग थेट पाण्यात.

इथे दरवेळी माझे हात थांबतात.
पापणी लवायच्या आत
सगळं पांढरं.
द्रावक बाहेर पळतो, पाणी आत घुसतं,
आणि त्या घाईत जी जागा कुणाचीच राहत नाही
तिला आम्ही छिद्र म्हणतो.
वर घट्ट साय,
खाली लांबट पोकळ्या, बोटांसारख्या.

मंगळवारी चाळीस मीटर वाया गेलं.
चाचणीच्या टाकीत बुडबुडे
नको तितक्या लवकर सुटले.
थराने त्या दोन श्वासांत
जुवारीवरचा दमटपणा पिऊन घेतला होता.
अहवालात लिहिलं: आर्द्रता ब्याऐंशी टक्के.
कारण: तपास चालू.

आगरवाड्याला बाबा पायाची मीठभेग
कोमट पाण्यात बुडवून बसले होते.
विचारलं, तुमच्या चाळणीत मीठ अडतं?
म्हटलं, नाही. गढूळपणा अडतो, तेल अडतं,
मीठ निघून जातं.
ते जरा वेळ गप्प.
मग म्हणाले, जाऊ दे. त्याला आम्ही आहोत.

मे संपत आलाय. आगरात शेवटची रास.

खिडकी मीच उघडली होती.
वाऱ्याला त्यांच्या सदऱ्याचा वास होता.