एकच असेल तर

आमच्या साप्ताहिकात निधनवार्ता शब्दांवर मोजतात,
शब्दाला चाळीस सेंट. खुणा फुकट.
म्हणून गॅनेट कोव्हची माणसं शब्द चिमटीनं टाकतात
आणि स्वल्पविराम मुठीनं,
कॉडवर मीठ टाकावं तसे.

मी ते वेचून काढतो. सत्तावीस वर्षं हेच.
कर्ता आणि क्रियापदाच्या मध्ये घुसलेला – काढ.
दोन अख्खी वाक्यं एका कॉमावर लटकलेली –
तो तोलणार नाही, पूर्णविराम ठोक.
दम लागला की कॉमा द्यावा, असं शाळेत मिस पार्डी सांगायच्या,
त्यामुळे दमेकऱ्यांची पत्रं मला लगेच ओळखू येतात.
यादीतल्या शेवटच्या 'अँड'आधी तो घालायचा की नाही
यावर मी आणि मालक अकरा वर्षं बोलत नाही.
म्हणजे बाकी सगळं बोलतो.

मंगळवारी ड्रुसिला स्नूक आली.
बुटांना गोठलेला चिखल,
वार्ता विजेच्या बिलाच्या पाकिटावर, मागच्या बाजूला.
भाऊ गेला होता, रविवारी, झोपेत.
तिनं लिहिलं होतं : माय ब्रदर ॲल्बन.

मी सवयीनं विचारलं, भाऊ एकच ना?

ती बघत राहिली.
नियम आहे, म्हटलं, साधा आहे.
एकच असेल तर नावाच्या आधी कॉमा, नंतर कॉमा,
कारण 'ब्रदर' म्हटलं की कळलंच कोण,
नाव आपलं सोबतीला.
जास्त असतील तर कॉमा नको.
मग नावच सांगतं, कुठला.

बाहेर बर्फ उपसणारी गाडी मागे मागे येत पीं पीं करत होती.

'एवढीशी खूण,' ती म्हणाली,
'तिला काय करायचंय आमच्या घरातलं?'

मला माहीत होतं. कोणाला नव्हतं?
एकसष्ट साली धाकटा, लेम्युएल,
जाळं टाकायच्या जागेवरून बापाशी भांडला
आणि कोट न घेता बोटीत बसला.
सडबरीला खाणीत आहे म्हणे. होता म्हणे.
आईनं फोटो उतरवला, खिळा राहू दिला,
खिळ्यावर पुढे बँकेचं कॅलेंडर.
जनगणनेवाल्याला बाप म्हणाला, मुलगा एक, मुलगी एक.
तेव्हापासून त्या घरात
कुणी त्याचं नाव काढलं नाही.

'घाल,' ड्रुसिला म्हणाली. 'एकच.'
मी घातले. दोन. पापणीच्या केसाएवढे.

बुधवारी रात्री, पानं चिकटवून झाल्यावर, फोन वाजला.
बराच वेळ नुसती किटलीची शिट्टी.
ती कुणी उतरवत नव्हतं.
मग, 'काढ ते.'
काय, हे मी विचारलं नाही.

ब्लेडच्या टोकानं एक उचलला.
दुसरा अंगठ्याला चिकटला,
घरी भांडी घासताना दिसला.
ओळ सरकवून घेतली.
'ब्रदर' आणि 'ॲल्बन' आता खांद्याला खांदा,
मध्ये सुई जायची नाही,
आणि तेवढ्याच जागेत एक माणूस
कोटाशिवाय येऊन उभा.

गुरुवारी चारशे दहा प्रती गेल्या.
कुणी काही म्हणालं नाही. नसलेला कॉमा दिसतो कुणाला?
मालकाला दिसला.
'चूक राहिली बघ. तिला एकच भाऊ.'
म्हटलं, बघतो.

शुक्रवारी ती पैसे द्यायला आली.
अठ्ठावीस शब्द, अकरा डॉलर वीस.
'आणि काढायचे किती?'
काढायचे काही नाही, म्हटलं.
तरी तिनं पंचवीस सेंटचं नाणं काउंटरवर ठेवलं,
ते सरळ केलं, कॅरिबूचं तोंड वर,
आणि हातमोजे घालत गेली.
दार नीट लागत नाही आमचं, ते ओढून घेतलं तिनं,
दोनदा.